पुलापुरती

कडुबानं ड्रायव्हरच्या सीटखालून शेवटची कोंबडी ओढून काढली, तिला काखेत दाबलं आणि बसच्या पायरीवरून मागं वळून म्हणाला,

"घ्या मॅडम, झाली गाडी मोकळी. आता बस डेपोची अन् पूल तुमचा. आमच्या कोंबड्यांचं नाव कुठं येऊ देऊ नका."

"अंडी?" करुणानं विचारलं.

"ती ग्रामपंचायतीची."

कडुबा आमखोरीचा सरपंच होता, त्यामुळं अंडी घरातच राहणार होती. करुणा सांडूनं डोक्यावरचं खात्याचं पांढरं हेल्मेट काढून काखेत धरलं. आता दोघांच्याही काखेत काही ना काही होतं.

आमखोरीच्या चौकात ती लाल बस दसऱ्याच्या आदल्या दिवसापासून उभी होती आणि आता दिवाळी तोंडावर आली होती. एवढ्या दिवसांत गावानं तिला रिकामं म्हणून ठेवलं नव्हतं. पोरं तिच्यात अभ्यासाला बसत, म्हातारे पत्ते कुटत. टपावर कुणी तरी उडीद वाळत घातले होते. सोयऱ्याकडं आलेला एक पाहुणा मागच्या लांब सीटवर झोपून, सकाळी तिथंच चहा पिऊन गेला होता. रस्त्यावर धावत होती तेव्हा या बसला एवढा मान कधी मिळाला नव्हता.

ती तिथं अडकली होती ती करुणामुळं.

करुणा बांधकाम खात्यात उपअभियंता. खडकाळी नदीवरचा निजामाच्या अमदानीतला पूल तिच्या हद्दीत येत होता. काळ्या दगडाच्या कमानी, माणसाच्या कमरेएवढे कठडे, आणि मधल्या खांबाच्या पायाखाली यंदाच्या पुरानं खाल्लेली एक पोकळी. करुणा स्वतः पाण्यात उतरली होती, हातोडीनं दगड वाजवून पाहिले होते आणि वर येऊन अहवाल लिहिला होता: 'सदर पूल पूर्णतः धोकादायक नसला तरी सुरक्षित आहे असे म्हणता येणार नाही.' खात्यात एवढं वाक्य पुरतं. वरून आदेश आला, पूल सर्व वाहनांसाठी तात्काळ बंद करावा. नवा पूल दोन वर्षांत होणार होता. म्हणजे आदेशात तसं लिहिलेलं होतं.

रस्ता बंद करायची खात्याची एक रीत आहे. दिवसा बंद केला तर लोक जमतात, लोक जमले की पुढारी जमतात आणि पुढारी जमले की रस्ता उघडतो. म्हणून बंद करायचा तो पहाटे. शिवाय मुरूम टाकून बंद करायचा नाही. मागं एकदा त्या पुलाच्या तोंडाशी मुरमाचे ढीग टाकले होते. दुसऱ्या दिवशी रस्ता मोकळा होता आणि कडुबाच्या गोठ्यापुढचं अंगण सुरेख सपाट झालं होतं. म्हणून या खेपेला करुणानं क्रेन लावून सिमेंटचे ठोकळे आणवले. उजाडायच्या आत ते सोयगावच्या बाजूला पुलाच्या तोंडाशी बसले. पंचनामा झाला, फोटो झाले, चहा सांगितला. आणि मग पलीकडच्या काठावरून हॉर्न वाजला.

हॉर्न ऐकताक्षणी करुणाच्या हातातली बशी कलंडली.

आमखोरीची मुक्कामी बस. संध्याकाळी सोयगावहून निघायची, पूल ओलांडून गावात यायची, रात्री चौकात झोपायची आणि सकाळी परत जायची. करुणाच्या जन्माच्या आधीपासून हे असंच चाललं होतं. या बसच्या हॉर्नवर करुणाचं बालपण उठलं होतं, दात घासले होते आणि पाचवीपासून सोयगावच्या शाळेत गेलं होतं. तिचे वडील पुंजाराम सांडू, म्हणजे आबा, हीच बस चालवत. सगळ्या जिल्ह्यात रस्ता बंद करताना ही एक बस विसरायची नाही अशी एकच बाई होती, आणि नेमकी तीच विसरली होती.

पुढचं सगळं रीतसर झालं. गावाच्या मागं अजिंठ्याचा डोंगर, तिकडून फक्त पाऊलवाट. नदीच्या पात्रातून बैलगाडी निघते, बस रुतते. बाहेर यायला पूल हाच रस्ता आणि पूल बंद. डेपोनं लिहिलं, 'पूल आपला आहे, अडथळा आपला आहे, तरी आमची बस परत करावी.' खात्यानं लिहिलं, 'बस आपली आहे, ती तिथे आपण नेली आहे.' करुणानं वरिष्ठांना विचारलं तेव्हा त्यांनी फोनवर बराच वेळ खोकून, "तुमच्या स्तरावर निर्णय घ्या," असं सांगितलं. याचा अर्थ गाडी निघाली तर सगळ्यांनी काढली आणि पडली तर करुणानं पाडली.

शेवटी डेपोला एक सोपा माणूस सापडला. झीशान. बसचा ड्रायव्हर, आताआता कायम झालेला. गाडी शनिवारपर्यंत डेपोत लागली नाही तर निलंबन, असं त्याला तोंडी सांगण्यात आलं. त्याची बायको महेजबीन भरल्या दिवसांची होती. आज शुक्रवार होता.

करुणानं दोन दिवस संभाजीनगरला मुकुंदवाडीच्या घरी बसून गणित मांडलं होतं. रिकामी बस, एकटा ड्रायव्हर, धिमी चाल, मधे ब्रेक नाही. गणित सांगत होतं, जाईल. 'बहुतेक' हा शब्द गणितात लिहिता येत नाही, म्हणून तिनं तो मनात ठेवला. सकाळी येऊन तिनं जेसीबीनं दोन ठोकळे बाजूला करून घेतले, आणि पूल पायी ओलांडून गावात आली.

"बॅटरी बसली, ताई," झीशान खिडकीतून ओरडला. "धक्का लागंल."

धक्का द्यायला अख्खं गाव लागलं. गाडीनं दोनदा उचकी दिली, मग काळा धूर सोडून सुरू झाली. आणि सुरू झाली तसं ढकलणारं अख्खं गाव धावत तिच्यात चढलं.

"अहो, कुठं निघालात?" करुणा ओरडली.

"पुलापर्यंत," कडुबा दांडीला लोंबकळत म्हणाला. "एवढा धक्का दिला, तेवढं तरी बसू द्या की. पुन्हा कवा यायची ही?"

या प्रश्नाचं उत्तर आदेशात दोन वर्षं असं होतं. करुणाही चढली.

आतून बस तशीच होती. बदलली होती खरं म्हणजे अनेकदा, जुनी भंगारात जाऊन नवी आली होती, पण डिझेल, पत्रा आणि ओल्या गोणपाटाचा तो वास प्रत्येक बसनं पुढच्या बसला देऊन ठेवला असावा. दारामागच्या दुसऱ्या बाकावर खिडकीशी तिची माय बसली होती. आवडाबाई. मांडीवर वायरची पिशवी. करुणानं पहिल्या पगारात गुलमंडीच्या बाजारातून आणलेली चेनची पिशवी पेटीत सांभाळून ठेवून माय अजून तीच वापरायची.

"तू कशाला आलीस?"

"सगळं गाव आलंय, मीच काय घोडं मारलं?"

"आबा कुठंयत?"

"असतील माघं. कोंबड्या हाकलत्यात."

बस चौकातून निघाली, पाणंदीला लागली. कुणीतरी हसलं, कुणीतरी उगाच खिडकीतून हात काढून उसाला लावला. आणि पुलाअलीकडचं कडुनिंबाचं झाड आलं तशी बस थांबली. झीशाननं थांबवली असं नव्हे. तिथं बस थांबतेच.

झाडाखाली पांढऱ्या सदऱ्यातला एक म्हातारा उभा होता. बस थांबताच त्यानं पत्र्यावर थाप मारली.

"चलो, उतरा उतरा! पूल आला! पाय मोकळे करा! म्हाताऱ्यांनी कठडा धरा, पोरांनी म्हाताऱ्यांना धरा!"

अन्सारचाचा. झीशानचे वडील. आबांच्या बसचे कंडक्टर. सोयगावहून पायी पूल ओलांडून आले होते पोराला बघायला.

करुणा सहा-सात महिन्यांची असताना मोठा पूर आला होता आणि तेव्हापासून पुलाच्या दोन्ही तोंडांना पाटी होती: 'पूल कमकुवत आहे. प्रवाशांनी उतरून पायी जावे.' प्रवासी आधी चालत पलीकडं जात. शेवटचा माणूस पोचला की चाचा शिट्टी मारत, आणि मग रिकामी बस हळूहळू पुलावरून येई. पुन्हा सगळे चढत. रोज सकाळी, रोज संध्याकाळी. नवख्या माणसाला हा ताप वाटे. आमखोरीला तो ताप वाटत नसे, कारण आमखोरीला दुसरा रस्ताच नव्हता, आणि जिथं दुसरा रस्ता नसतो तिथं माणूस पहिल्याला रीत म्हणतो.

तेवढ्या चालण्यात काय काय होऊन जायचं. बसमध्ये एकमेकांकडं पाठ करून बसलेले भाऊबंद पुलावर नाइलाजानं शेजारी चालत आणि पलीकडं पोचेपर्यंत बांधाचं भांडण अर्धं मिटलेलं असे. बायका डोक्यावरची गाठोडी कठड्यावर टेकून कुणाची सून कशी ते ठरवत. नव्या नवरीला नवऱ्याशी पहिल्यांदा बोलायला मिळे ते याच पुलावर, कारण मागं सासू दम खात येत असे. कडुबाला त्याची बायको इथंच दिसली होती. त्यामुळं पूल पाडायला त्याचा तत्त्वतः विरोध नव्हता, असं तो सांगे. आणि करुणा चाचांचं बोट धरून सगळ्यांच्या मागं चालत असे. उन्हानं तापलेल्या कठड्यावरून हात फिरवत, खालच्या पाण्यात आपल्या सावलीला वाकुल्या दाखवत. पलीकडं पोचलं की चाचा गळ्यातली शिट्टी काढून तिच्या हातात देत. ती गाल फुगवून फुंके आणि ती फुंकली की आबांची एवढी मोठी बस हलत असे. आपल्या शिट्टीवर बस चालते, हे तिनं शाळेतल्या मुलींना सांगितलं होतं. कुणाचा विश्वास बसला नव्हता, पण ते खरं होतं.

बस पुलावर असताना आबा मोठ्यानं गाणं म्हणत. पाण्यावरून आवाज यायचा, शब्द कळायचे नाहीत. रिकाम्या गाडीत मोकळं वाटत असेल, असं तिला वाटे.

"ताई," इंजिन चालूच ठेवून, नुसती किल्ली काढून झीशान तिच्याजवळ आला. "नेतो मी. तुम्ही फक्त व्हय म्हणा."

त्याचा हात किल्लीसकट थरथरत होता. त्यानं तो खिशात घातला, तर खिसा थरथरायला लागला.

"हळू न्यायची. पहिल्या गिअरमध्ये. मधे कुठंच ब्रेक नाही."

"हौ."

"आणि झीशान, दार उघडं ठेव."

"कायकू?"

झीशाननं पुलाकडं पाहिलं आणि त्याचं त्यालाच उत्तर मिळालं.

मागून आबा आले. धोतर नव्हे, पँट घातली होती. तीही खाकी. नोकरी सुटून दहा वर्षं झाली होती, पँट कमरेला जरा सैल झाली होती. त्यांनी झीशानपुढं नुसता तळहात धरला.

"दे."

"नक्को, उस्ताद."

"दे रे. तुझे हात बघ. या हातानं तू गाडी नदीत घालशील, अन् नाव पुलाचं होईल."

"आबा," करुणा पुढं आली. "ही कुस्ती नाही. तुम्ही निवृत्त आहात. तुम्हाला ही गाडी चालवायचा अधिकार नाही."

"पूलबी निवृत्तच हाय ना? तूच केलास. निवृत्त माणसानं निवृत्त पुलावरून जायचं. त्यात डेपोचं काय जातंय?"

मागं कुणीतरी हसलं. करुणा हसली नाही.

"मी हो म्हणणार नाही."

"नको म्हणू. झीशानला म्हण." आबांनी आवाज खाली केला. "त्याच्या लेकराला बाप लागंल अजून. तुला आता कशाला लागतोय?"

या प्रश्नाला करुणा उपअभियंता म्हणून उत्तर देऊ शकत नव्हती, आणि उपअभियंता म्हणून उभी असल्यानं दुसरं देऊ शकत नव्हती. तिनं हेल्मेट डोक्यावर घातलं. पट्टा लावायला बराच वेळ लागला.

"लोक म्हणतात तुम्हाला पुलाची नस माहीत आहे," ती शेवटी म्हणाली. "कुठून न्यायची, कशी न्यायची."

"लोकाला काय कळतंय? मला काडीचं म्हाईत नाय. समोर बघायचं अन् जायचं." त्यांनी तिच्या खांद्यावरची धूळ झटकल्यासारखं केलं. धूळ नव्हती. "आन् लई भ्या वाटायचं, खरं सांगू का. रोज."

किल्ली कधी त्यांच्या हातात गेली ते कुणाला दिसलं नाही. झीशान झाडाच्या बुंध्याशी खाली बसला होता आणि अन्सारचाचा त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते.

गाव पुलावरून चालायला लागलं. आज वाहनांसाठी बंद असलेल्या पुलावर गर्दी बरीच होती. करुणा शेवटचं एकदा बस तपासून घ्यावी म्हणून पायरीवर चढली. आत कुणी राहिलं नाही ना, हे बघणं तिचं काम होतं.

माय बसून होती. दारामागच्या दुसऱ्या बाकावर, खिडकीशी, मांडीवर पिशवी.

"माय, उतर."

"जा तू म्होरं."

"माय, हा खेळ नाही. उतर खाली. चालत जायचंय सगळ्यांनी."

"तू जा अन्सारभाईसंगं," माय म्हणाली. तिनं मांडीवरची वायरची पिशवी उचलली आणि शेजारच्या मोकळ्या जागेवर नीट ठेवली. "मी जागा धरते."

करुणा थबकली.

हे वाक्य ती जन्मभर ऐकत आली होती. मायकडं म्हैस होती, माय रोज दुधाची बरणी घेऊन सोयगावच्या हॉटेलात घालायला जायची, आणि करुणा मागं लागायची म्हणून तीही. कडुनिंबाखाली सगळे उतरत. माय तिला दारातून चाचांच्या हातात देई आणि म्हणे, तू जा चाचांसंगं, मी जागा धरते. चाचा सगळ्या बसला उतरा उतरा म्हणून ओरडत, पण त्या दुसऱ्या बाकाकडं त्यांची नजर जात नसे. करुणाला रागही यायचा. आपण उन्हात चालायचं आणि माय ड्रायव्हरची बायको म्हणून ऐटीत बसून येणार. पुढं म्हैस आटली, तरी मायचं सोयगावला जाणं आटलं नाही. कधी कोथिंबीर, कधी चार लिंबं, कधी नुसतं बहिणीला भेटायचं. करुणा शिकायला छत्रपती संभाजीनगरला गेली, नोकरीला लागली. मायला चार दिवस मुकुंदवाडीला घेऊन गेलं की दुसऱ्याच दिवशी तिचा जीव वरखाली. गावात काय एवढं काम असतं, असं करुणा विचारायची. गाडीला जायचं असतं, माय म्हणायची.

करुणानं बसमध्ये नजर फिरवली. पुढपासून मागपर्यंत सगळे बाक रिकामे होते. शेवटच्या लांब सीटवर एक पीस पडलं होतं, कोंबडीचं. बाकी कुणी नाही. पुलावरून ही बस नेहमी अशीच जायची, अगदी रिकामी. पाटीच तशी होती.

एवढ्या रिकाम्या बसमध्ये जागा धरायची ती कुणापासून?

ती बघतच राहिली. बघण्याचं काही कारण नसल्यासारखी माय खिडकीबाहेर पाहत होती. पुढं आबा सीटवर बसले, सीट पुढं ओढली. वरच्या आरशात त्यांनी एकदा मागं पाहिलं. आरसा त्यांनी हातानं किंचित खाली केला, दुसऱ्या बाकावर येईल इतका. बोलले काही नाहीत. बहुधा कधीच बोलले नसावेत.

"मी पण बसते," करुणा म्हणाली.

"खाली उतर." मायचा आवाज एकदम चढला. मग खाली आला. "उतर बाई. शिट्टी कोण मारंल?"

करुणा पायरीवरून उतरली. उतरताना पाय चुकला. अन्सारचाचा दाराशीच उभे होते, त्यांनी दंड धरून सावरलं.

ते दोघं सगळ्यांच्या मागून चालायला लागले. कठडा उन्हानं तापला होता. करुणानं त्यावर हात ठेवला आणि उचलला नाही. खाली पाणी होतं, त्यात एक हेल्मेटवाली सावली चालत होती. मधली कमान आली. हिच्याच खालची पोकळी तिनं टॉर्च लावून पाहिली होती. पाय आपोआप हलके पडायला लागले.

"चाचा."

"हां, बेटी."

"रिकाम्या बसमध्ये जागा कशाला धरायची?"

अन्सारचाचा काही पावलं चालले.

"मी कंडक्टर," ते म्हणाले. "तिकीट इचारायचं माझं काम. भाभीचं तिकीट असायचं. रोज काढायची, ड्रायव्हरची घरवाली असून. मग म्या काय इचारू?"

"आणि मी?"

"तुझं काय?"

"मला खाली उतरवायचे. तुमच्याकडं द्यायचे. आणि ते दोघं…" ती थांबली. पूल बोलण्यासाठी चांगला होता, पण सगळंच बोलण्यासाठी नव्हता.

चाचांनी मागं वळून बसकडं पाहिलं. मग पुढं पाहिलं, सोयगावच्या दिशेनं.

"शकीलाला मी सांगून ठेवलं होतं, एखाद्या दिवशी पोर घेऊन घरी येईन म्हणून," ते म्हणाले. आपल्या बायकोबद्दल बोलताना त्यांचा आवाज नेहमीच हळू होई. "पहिल्याच दिवशी. तिनं तुझ्यासाठी एक फ्रॉकबी शिवून ठेवला होता. दर साली नवा शिवायची, मापाचा. मग झीशान झाला, तरी शिवायची. अल्लाहचा करम, कवा द्यायची पाळी नाय आली." ते हसले. "पुलापुरती तू आमची होती, बेटी. रोज. जाताना अन् येताना."

त्यांनी उरलेला पूल चालून संपवला.

पलीकडं सिमेंटचे ठोकळे बाजूला सरकवलेले होते. जेसीबीवाला यंत्र बंद करून उभा होता. गाव रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गप्प उभं होतं. गप्प बसणारं आमखोरी करुणानं आजवर पाहिलं नव्हतं. झीशान बापाच्या मागं येऊन उभा राहिला, त्याची पापणी लवत नव्हती.

अन्सारचाचांनी सदऱ्याच्या खिशातून शिट्टी काढली. तीच की दुसरी, कळायला मार्ग नव्हता. पितळेची होती, काळवंडलेली. त्यांनी ती ओठांपर्यंत नेली आणि तशीच करुणापुढं धरली.

"दात बसवलेत माझे. हवा ऱ्हात नाय."

ते खरं असेलही.

करुणानं शिट्टी घेतली. पुलाच्या पलीकडच्या तोंडाशी बस उभी होती, लहान, लाल, कडुनिंबाच्या सावलीत. इंजिन घुरघुरत होतं. आबा वाट पाहत होते. त्यांनी कधीच स्वतःहून गाडी पुढं काढली नव्हती, शिट्टी व्हायला लागायची. दुसऱ्या खिडकीतून एक हात बाहेर आला आणि हलला. तोही तेव्हासारखाच.

लहानपणी हे काम किती सोपं होतं. गाल फुगवायचे आणि फुंकायचं.

तिनं शिट्टी ओठांना लावली. हवा आली नाही. वरिष्ठांच्या भाषेत सांगायचं तर निर्णय आता तिच्या स्तरावर होता.

तिनं डोळे मिटले आणि फुंकली.

आवाज बारीक निघाला, पण पाण्यावरून गेला. बस हलली.

पुढचा वेळ करुणाला नंतर कधी नीट सांगता आला नाही. अहवालात तिनं 'सदर वाहन सुरक्षितपणे बाहेर काढण्यात आले' एवढंच लिहिलं. बस हळू येत होती, बैल यावा तशी. मधल्या कमानीवर आली तेव्हा खाली पाण्यात काहीतरी पडल्याचा डुबकन आवाज झाला आणि कडुबाच्या काखेतली कोंबडी ओरडली. बस थांबली नाही. त्याच वेळी आबांचं गाणं सुरू झालं. शब्द याही वेळी कळले नाहीत. करुणाला आता ते कळायला हवे होते असंही नाही. तिनं नुसता आवाज ऐकला. मोठा होता, बेसूर होता आणि एकदाही थांबला नाही.

पुढची चाकं पुलावरून उतरली. मग मागची. बस ठोकळ्यांमधून पुढं येऊन थांबली आणि आबांनी इंजिन बंद न करता दोन्ही हात चाकावर तसेच ठेवले.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आमखोरीत बस पुलावरून आली म्हणून टाळ्या वाजवायची पद्धत नव्हती. अन्सारचाचांनी पत्र्यावर थाप मारली आणि सवयीनं ओरडले,

"चला, बसून घ्या!"

आणि गाव चढायला लागलं. कुणालाच सोयगावला काम नव्हतं. कडुबाला तर मुळीच नव्हतं, त्याच्या काखेत कोंबडी होती. परत चालत यावं लागणार हेही सगळ्यांना ठाऊक होतं. तरी ते दारात नेहमीसारखी रेटारेटी करत चढले आणि आपापल्या जागी बसले. झीशाननं डोळे पुसून ड्रायव्हरकडचं दार उघडलं. आबा उतरले, बसच्या पुढून फेरी मारून आत आले आणि आयुष्यात पहिल्यांदा प्रवाशांमध्ये दांडी धरून उभे राहिले.

करुणानं जेसीबीवाल्याला खूण केली. बस गेली की ठोकळे परत लावायचे. मग ती पायरी चढली.

बस भरली होती. दारामागच्या दुसऱ्या बाकावर मात्र एकच जण बसलं होतं. शेजारी वायरची पिशवी ठेवलेली होती, आणि कुणी तिला हात लावला नव्हता.

"किती उशीर," माय म्हणाली. तिनं पिशवी उचलून मांडीवर घेतली. "बस."

करुणा बसली.